जुलाबावर काढा देण्याआधी हे वाचा : काय करायचं, कधी करायचं आणि कुठल्या औषधीमागे खरंच पुरावा आहे

जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ वाहून गेल्यामुळे. जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं जुलाबाने दगावतात आणि त्यातली पुष्कळशी वेळेवर पाणी-मीठ पोटात गेलं असतं तर वाचली असती, म्हणून वनौषधींबद्दल बोलायच्या आधी मी हेच सांगणार, काढा हा ओआरएसच्या (मीठ-साखर ठरलेल्या प्रमाणात घातलेल्या पाण्याच्या) सोबत द्यायचा, त्याच्या जागी कधीच नाही. कितीही जुना, कितीही गुणकारी काढा असू दे, त्यात गेलेलं मीठ भरून काढायची ताकद नसते.

मला वनौषधींबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच कुठल्या झाडाने माणसांवरच्या चाचणीत काय करून दाखवलंय आणि कुठल्या झाडाचं नुसतं नाव मोठं आहे हे वेगवेगळं करून सांगावंसं वाटतं.

पहिलं काम : पाणी, मीठ, साखर

आतड्याच्या आतल्या पेशींवर एक वाहक प्रोटीन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना जोडीने आत ओढतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं. जुलाब कितीही जोरात चालू असले तरी हा रस्ता बहुतेक वेळा चालू राहतो, म्हणून नुसतं पाणी प्यायलं तर फारसं टिकत नाही पण योग्य प्रमाणात मीठ आणि साखर घातलेलं पाणी टिकतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपायला आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाईकांच्या हातून पाजायला लावलं, तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं.

२००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा जो फॉर्म्युला आहे त्यात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. तेवढं तयार पाकीट मिळालं तर तेच घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकदम घाला, अर्धं-अर्धं करत बसू नका. पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं असेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा पाच मिलीचा. चव घेऊन बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते फेकून परत करा कारण जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरू शकतं. जास्त साखरही नको, जास्त गोड पाणी आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात, त्यामुळे कोल्ड्रिंक, डब्यातले ज्यूस, गुळाचा घट्ट काढा हे सगळं या वेळी लांबच ठेवा. कालवलेलं ओआरएस २४ तासांनी उरलं असेल तर टाकून द्या.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने परत सुरू करा, उलटी झाली म्हणून बंद करू नका. बाळाचं अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, मोठ्यांचं जेवणही, उपाशी ठेवल्याने आतडं बरं होत नाही उलट अशक्तपणा वाढतो.

मुलांना झिंक द्यायला विसरू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, अशी २००४ मध्ये जागतिक शिफारस झाली. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा. कुठल्याही काढ्यापेक्षा या गोळीमागचा पुरावा भक्कम आहे.

"गुण आला" हे कसं ठरवायचं

साधे जुलाब बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जे काही दिलं त्याला तिसऱ्या दिवशी श्रेय मिळतं आणि ते औषध घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं. खरा प्रश्न असा विचारायचा की ज्यांनी हे घेतलं ते, न घेतलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले का, आणि दोन्ही गटांना ओआरएस सारखंच मिळत होतं का.

दुसरी गोष्ट, नेटवर "संशोधनाने सिद्ध" म्हणून जे फिरतं त्यातलं खूपसं उंदरांवरचं असतं. पद्धत ठरलेली आहे, उंदराला एरंडेल पाजायचं, मग झाडाचा अर्क द्यायचा आणि शौच किती झालं ते मोजायचं. आता एरंडेलातलं रिसिनोलेइक अ‍ॅसिड आतड्याची हालचाल वाढवून जुलाब करतं, रोटाव्हायरस किंवा कॉलऱ्याचं विष तसं काम करत नाही, म्हणून या चाचणीत पास झालेलं झाड फक्त आतडं मंद करत असेल आणि जंतूच्या जुलाबात त्याचा काही उपयोग नसेल असंही होऊ शकतं. तसंच काचेच्या डिशमध्ये जंतू मेले याचा अर्थ पोटात मरतील असा होत नाही, तिथे तेवढा अर्क पोचतच नाही कित्येकदा. नागरमोथा, मुरुडशेंग वगैरेंबद्दल जे काम झालंय ते मुख्यतः याच पातळीवरचं आहे, म्हणून ती वाईट आहेत असं नाही पण त्यांच्या भरवशावर आजारी मूल ठेवू नका.

आता एकेक औषधी

पेरूची पानं. मला विचाराल तर घरी करता येण्यासारख्या काढ्यांत हा सगळ्यात पुढे आहे. मेक्सिकोत पेरूच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल (त्यात क्वर्सेटिन या पानातल्या द्रव्याचं प्रमाण ठरवून घेतलेलं) तीव्र जुलाब असलेल्या मोठ्या माणसांना दिल्या तेव्हा पोटातला मुरडा लवकर थांबला. नंतर भारतात एक खुली चाचणी झाली, म्हणजे कोणाला काय दिलंय ते सगळ्यांना माहीत होतं, त्यात दहा पानांचा काढा दिवसातून तीनदा घेणारे ७२ तासांत ठीक झाले आणि न घेणाऱ्यांना १२० तास लागले. खुली चाचणी असल्यामुळे हा आकडा मी दगडावरची रेघ मानत नाही, पण दिशा चांगली आहे आणि ती मोठ्या माणसांपुरती आहे हेही लक्षात ठेवा.

कच्चं बेलफळ. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची, जुलाबासाठी जे वापरतात ते कच्चं, वाळवलेलं फळ. पिकलेलं बेल उलट पोट साफ करायला घेतात, त्यामुळे पिकलेल्या बेलाचं सरबत जुलाबात देणं म्हणजे चुकीचं टोक धरणं. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने २००९ मध्ये कच्च्या बेलाच्या गराचा काढा प्रयोगशाळेत तपासला आणि निकाल खरंच लक्ष देण्यासारखा होता, त्याने तपासलेल्या सहा प्रकारच्या बॅक्टेरियातला एकही मारला नाही पण बॅक्टेरिया पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं, कॉलऱ्याच्या विषाचं उत्पादन आणि ते पेशीवर बसणं यावरही परिणाम झाला, शिवाय जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आणि रोटाव्हायरस यांच्यावर थेट परिणाम दिसला. म्हणजे हा काढा काम करत असेल तर अँटिबायोटिकच्या मार्गाने करत नाही, आणि नुसतं "जंतू मरतात का" एवढंच बघणारा याला नापास करून मोकळा झाला असता. पण हे सगळं प्रयोगशाळेतलं, माणसाला किती दिवस लवकर बरं वाटतं हे त्यातून कळत नाही.

शिजवलेलं कच्चं केळं. हे औषधी म्हणावं की अन्न, दोन्ही म्हणा, पण माणसांवरच्या पुराव्याच्या बाबतीत ते बऱ्याच झाडपाल्यापेक्षा पुढे आहे. बांगलादेशात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन आठवड्यांवर जुलाब चालू असलेल्या ५ ते १२ महिन्यांच्या बाळांना तांदळाच्या पेजेत शिजवलेलं कच्चं केळं मिसळून दिलं, तिसऱ्या दिवसापर्यंत त्यातली ५९ टक्के बरी झाली, पेजेत पेक्टिन (फळांतला विरघळणारा तंतू) मिसळून दिलेल्यांतली ५५ टक्के आणि नुसती पेज घेतलेल्यांतली फक्त १५ टक्के. कारणही नीट समजलेलं आहे, कच्च्या केळ्यातला स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जातो, तिथले चांगले जिवाणू त्यापासून शॉर्ट चेन फॅटी अ‍ॅसिड बनवतात आणि ती मीठ-पाणी परत शोषून घ्यायला मदत करतात. पिकलेल्या केळ्यात हा स्टार्च बराचसा साखरेत बदललेला असतो. सालासकट उकडा, साल काढा, चांगलं कुस्करा आणि पातळ पेजेत मिसळून थोडं थोडं द्या. वरचं खाणं सुरू झालेल्या मुलांनाच.

दारुहळद. हिच्यातलं बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य सगळ्यात जास्त तपासलं गेलंय. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या चाचणीत १६५ मोठी माणसं होती, विष सोडणाऱ्या ई. कोलायमुळे जुलाब झालेल्यांना ४०० मिलिग्रॅम बर्बेरिनचा एक डोस दिला तर २४ तासांत ४२ टक्के लोकांचे जुलाब थांबले, न दिलेल्यांत २० टक्के. कॉलऱ्यात मात्र फरक छोटा होता आणि टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकसोबत दिल्यावर वेगळा फायदा दिसला नाही. आता यातलं ४०० मिलिग्रॅम म्हणजे शुद्ध केलेलं द्रव्य आहे, घरी उकळलेल्या सालीत किती उतरेल ते साल, वय, मूळ की खोड यावर अवलंबून, म्हणून या चाचणीचा निकाल घरच्या काढ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि नवजात बाळ यांना बर्बेरिन अजिबात नको, ते रक्तातल्या बिलिरुबिनला (कावीळ करणाऱ्या पिवळ्या द्रव्याला) त्याच्या जागेवरून हलवतं आणि बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोचायचा धोका तयार होतो.

कुडा. रक्ती आवेवरचं नाव घेतलं की पहिलं हेच येतं. पांढऱ्या कुड्याची साल आणि बिया म्हणजे इंद्रजव, त्यातलं कोनेसिन हे अल्कलॉइड गेल्या शतकात अमिबाच्या आवेवर वापरलंही गेलं होतं पण चक्कर, झोप न येणं, मन अस्वस्थ होणं असे मेंदूवरचे त्रास दिसल्याने आणि पुढे मेट्रोनिडॅझोलसारखी चांगली औषधं आल्याने मागे पडलं. दुसरी अडचण ओळखीची आहे, काळा कुडा हे दिसायला जवळचं पण वेगळंच झाड आहे आणि कुड्याची साल म्हणून त्याची भेसळ होते. माझं स्पष्ट मत, शौचात रक्त असेल तर कुड्याची साल उगाळत बसायची वेळ नाही, तपासणी करून घ्यायची वेळ आहे, कारण शिगेला या बॅक्टेरियाची आव आणि अमिबाची आव यांची औषधं वेगळी आहेत आणि नुसतं बघून फरक कळत नाही.

आलं-सुंठ. जुलाबापेक्षा मळमळ-उलटीसाठी जास्त उपयोगी. इटलीत गॅस्ट्रो झालेल्या मुलांवर चाचणी झाली त्यात आल्याने उलट्या कमी झाल्या, आणि उलटी थांबली की ओआरएस पोटात टिकतं हा खरा फायदा.

इसबगोल पाणी धरून ठेवतं त्यामुळे शौच घट्ट दिसतं, पण अंगातून जाणारं पाणी त्याने कमी होतं असं धरू नका. जुने, अधूनमधून होणारे जुलाब किंवा आयबीएस (वारंवार पोट बिघडायचा जुना त्रास) असेल तिथे ठीक, तीव्र जुलाबात नाही. कोरडं तोंडात टाकू नका, घशात अडकतं.

डाळिंबाची साल, कडक काळा चहा, बाभळीची साल यांच्यात टॅनिन असतं, ते प्रोटीनला चिकटतं आणि आतड्याच्या आवरणावर तुरट थर धरतं अशी कल्पना आहे. कल्पना चांगली असली तरी जिलेटिन टॅनेट नावाचं तयार टॅनिन औषध मुलांवर तपासलं तेव्हा फारसा फायदा दिसला नाही. शिवाय टॅनिन लोहाला आणि कित्येक औषधांनाही धरून ठेवतं, म्हणून गोळी आणि असा काढा यात कमीत कमी दोन तासांचं अंतर ठेवा.

दुसऱ्या देशांतल्या दोन औषधी सांगतो कारण त्यावरच्या चाचण्या नीट झाल्यात. रशियात टॉर्मेंटिल नावाच्या झाडाच्या मुळाचा अर्क रोटाव्हायरसच्या ४० मुलांवर तपासला, अर्क घेतलेल्यांचे जुलाब सरासरी ३ दिवसांत आणि न घेतलेल्यांचे ५ दिवसांत थांबले. जर्मनीत कॅमोमाइल आणि सफरचंदाचं पेक्टिन एकत्र करून ७९ मुलांना दिलं, तीन दिवसांत बरं होणाऱ्यांचं प्रमाण औषध न मिळालेल्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. दोन्हीत मुलांची संख्या लहान आहे हे खरं.

आणि झाडापासून खरंखुरं औषध कसं होतं त्याचं उदाहरण म्हणजे क्रोफेलेमर. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात क्रोटोन लेचलेरी नावाचं झाड आहे, खोडाला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक येतो, तिथले लोक तो जुलाबावर पिढ्यान्‌पिढ्या वापरायचे. संशोधकांनी त्यातला नेमका भाग वेगळा काढला, तो आतड्याच्या पेशींमधले क्लोराइड बाहेर सोडणारे दोन मार्ग बंद करतो असं दाखवलं, चाचण्या केल्या आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्याला मान्यता दिली, रोज दोनदा १२५ मिलिग्रॅम. पण मान्यता कशासाठी ते बघा, एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांना होणाऱ्या, जंतुसंसर्ग नसलेल्या जुलाबांसाठी फक्त. आणि मुख्य चाचणीत फायदा झाला तो १७.६ टक्के लोकांना, खोट्या गोळीवर ८ टक्के. इतकं सगळं करून आकडा एवढाच येतो, म्हणून कोणी "शंभर टक्के रामबाण" म्हणालं की त्याला विचारा कुठल्या चाचणीत.

काढा करायची रीत

झाडाची ओळख पक्की नसेल तर तिथेच थांबा. औषध फवारलेली, रस्त्याकडेची धूळ खाल्लेली पानं नकोत. वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा, आणि काढा उकळतानाचं पाणी स्वच्छ असलं म्हणजे झालं असं नाही, गाळणी, पेला, चमचा, हात हेही साबणाने धुतलेले हवेत, नाहीतर उपचारातूनच परत संसर्ग होतो.

आयुर्वेदातलं प्रमाण सोपं आहे, मऊ औषधीला चौपट पाणी, मध्यमला आठपट, कठीण सालीला सोळापट, आणि मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. झाकण अर्धवट ठेवा. अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंडाचं भांडं नको, टॅनिन त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होतं, स्टील चालेल. गाळून कोमट झाला की प्या, त्याच दिवशी संपवा, साखर-गूळ घालू नका. मोठ्या माणसाने दिवसातून दोन-तीनदा अर्धा कप, एका वेळी एकच औषधी. पाच-सहा गोष्टी एकत्र उकळल्या आणि पुरळ उठलं किंवा चक्कर आली तर कशामुळे ते कळणारच नाही. काढा आधी आणि ओआरएस नंतर असं करू नका, पोट कडू काढ्याने भरलं की माणूस ओआरएस प्यायला नको म्हणतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हे हमखास होतं.

एका कागदावर वेळ, किती वेळा शौच, रंग, लघवी कधी झाली हे लिहीत जा. अंदाजाने "कमी झालंय वाटतं" म्हणण्यापेक्षा हे फार कामाला येतं.

कोणाला देऊ नये

सहा महिन्यांखालच्या बाळाला आईचं दूध, ओआरएस आणि झिंक, बाकी काढा-चाटण-गुटी काहीही नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध नाही, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. जायफळ उगाळून देताना प्रमाण चुकलं तर बाळ गुंगीत जातं आणि घरच्यांना वाटतं शांत झोपलंय, प्रत्यक्षात ते प्यायचं बंद होतं. अफूचा अंश असलेलं काहीही मुलाला देऊ नका, आतडं थांबतं तसा श्वासही मंदावतो. चक्रीफुलाचा काढाही बाळांना नको, दिसायला तसंच असणारं जपानी चक्रीफूल विषारी आहे, त्याच्या भेसळीमुळे बाळांना झटके आले आणि २००३ मध्ये एफडीएला त्याबद्दल इशारा द्यावा लागला.

किडनीचा, लिव्हरचा आजार असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किडनी बदललेली असेल (बर्बेरिनमुळे त्यासाठी दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं) तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही काढा नको.

काढा बाजूला ठेवून डॉक्टरकडे कधी

शौचात रक्त, जास्त ताप, भाताच्या पाण्यासारखे पांढरट भरभरून जुलाब, सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जाते, मूल सुस्त पडलंय किंवा काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, यातलं एकही दिसलं तर निघा, वाटेत चमच्याने ओआरएस चालू, पण मूल गुंगीत असेल तर तोंडात काही ओतू नका. मोठ्या माणसाला दोन दिवसांत फरक नाही तर जा, बाळ आणि म्हातारं माणूस असेल तर एका दिवसातच. १४ दिवसांवर चाललेले जुलाब म्हणजे वेगळाच विषय, जिआर्डिया, सिलिअ‍ॅक, आतड्याची सूज, थायरॉइड असं काहीही असू शकतं, त्यावर काढे बदलत राहण्यात वेळ जातो आणि वजन उतरत जातं.

आणि डॉक्टरला काय काय दिलं ते सगळं सांगा. कुठलं झाड, कुठला भाग, किती वेळा, शेवटचा डोस कधी, चूर्णाचं पाकीट असेल तर तेच सोबत न्या. ओरडतील म्हणून लपवू नका, तुम्ही दिलेली साल आणि त्यांनी लिहिलेली गोळी पोटात एकत्र येणार आहे आणि ते ठरवायला त्यांना ही माहिती लागते.